सोडलं म्हणजे काय केलं?

एकादशीचा उपास द्वादशीला सकाळी सोडतात. पण एकादशीच्याच दिवशी दुपारी, शेजारणीने पुढे केलेल्या कांदेपोह्यांचा घास गप्पांच्या नादात तोंडात गेला, तर उपास सुटत नाही, मोडतो. दोन्ही वेळा घडतं एकच, पोटात अन्न जातं. तरीही या दोन क्रियापदांची अदलाबदल मराठी माणसाकडून झोपेतही होत नाही. सोडलेल्या उपासाला वेळ असते, वाढलेलं पान असतं, घरातल्या कुणाला तरी 'आधी तिला वाढा, तिला उपास सोडायचाय' असं म्हणावंसं वाटतं. मोडलेल्या उपासाला फक्त चुटपुट. वाक्याची ठेवणही बघण्यासारखी आहे. 'मी उपास सोडला' यात 'मी' पुढे येऊन उभा राहतो. 'माझा उपास मोडला' यात तोच 'मी' षष्ठीच्या आडोशाला जातो आणि खापर पोह्यांवर फुटतं. 'मी उपास मोडला' असं छातीठोक म्हणणारा एक तर बंडखोर असतो, नाही तर अतिशय भुकेला.

उपोषणाचंही तसंच. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं आणि विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं होणार हे नक्की झाल्यावर ते सोडलं. इथे दुसरं क्रियापद चालतच नाही. अलीकडच्या बातम्यांमध्ये मात्र 'उपोषण मागे घेतलं', 'उपोषण गुंडाळलं', 'उपोषण सोडलं' असे तीन पर्याय दिसतात. कोणतं क्रियापद निवडलं यावरून उपसंपादकाचा कल कुणीकडे आहे ते ओळखता येतं. मागण्या पदरात पडल्या असतील तरच 'सोडलं' शोभतं.

स्वखुशीने एखादी गोष्ट हातावेगळी करण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. त्याग करणे आहे, वर्ज्य करणे आहे, टाकणे आहे, तुळशीपत्र ठेवणे आहे. या सगळ्यांत मला 'सोडणे' हे क्रियापद आवडतं, कारण त्यात ऐट नाही. त्याग हा सत्काराच्या व्यासपीठावरचा शब्द. तो 'करावा' लागतो आणि केल्यावर करणाऱ्याकडे लोकांनी बघावं अशी त्याची अपेक्षा असते. गीतेचा अठरावा अध्याय अर्जुनाच्या प्रश्नाने उघडतो, संन्यास आणि त्याग यांत फरक काय, आणि त्यावर शतकानुशतकं भाष्यं झाली. सोडणे आणि टाकणे यांतला फरक मात्र कुणाला विचारावा लागत नाही. टाकण्यात तिटकारा किंवा बेपर्वाई आहे. कचरा टाकतात, शिळं टाकतात. नवऱ्याने बायको 'टाकली' म्हणतात तेव्हा त्या एका शब्दात त्याचा निर्लज्जपणा आणि तिची अवहेलना दोन्ही मावतात. श्रावणातल्या कहाण्या घेतलेला वसा 'टाकू' नको असं बजावतात, 'सोडू' नको असं म्हणत नाहीत. वसा रीतसर सोडायलाही वाट असते, त्याला उद्यापन म्हणतात. टाकलेल्या वशाला उद्यापन नाही.

सोडणे या क्रियापदाचं लक्ष मुठीकडे असतं. म्हणून त्याच्या शेजारी बहुतेक वेळा 'धरणे' सापडतं. उपास धरतात आणि सोडतात. आशा, धीर, हट्ट, मौन, अबोला, पाठ, वाट, सगळं आधी धरलं जातं, मग सुटतं किंवा सोडलं जातं. ही जोडी इतकी पक्की की दोन्ही मिळून 'धरसोड' असा एक शब्द झाला आणि तो चंचल माणसाच्या कपाळी चिकटला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण याच जोडीवर उभी आहे. कालव्याच्या पट्ट्यात तर दोन क्रियापदांची दोन माणसांत वाटणी झालेली आहे. पाटबंधारे खातं आवर्तन सोडतं, आणि शेतकरी रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. पाणी एकच. वर ज्याचा हात चाकावर आहे तो सोडणारा, खाली चिखलात खोरं घेऊन वाफ्याचं तोंड फोडणारा-बांधणारा तो धरणारा.

या जोडीला अपवाद आहेत आणि तेच जास्त बोलके आहेत. मुलगी लग्नानंतर माहेर 'सोडते', पण तिने कधी माहेर 'धरलं' होतं असं मराठी म्हणत नाही. याकडे पुढे यायचंच आहे.

जाता जाता एक गंमत. हिंदीतल्या छुरीची मराठीत सुरी होते, छालची साल होते, छहचे सहा होतात. छूटना आणि छोड़ना यांचे सुटणे आणि सोडणे झाले ते त्याच वाटेने.

सुटणे-सोडणे हे तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे यांच्यासारखंच जोडपं, पण या जोडप्याने माणसाच्या इच्छाशक्तीची जेवढी झडती घेतली आहे तेवढी दुसऱ्या कुणी घेतलेली नाही. तंबाखूचं उदाहरण घ्या. 'मी तंबाखू सोडली' असं सांगणारा पाठोपाठ बहुधा तारीख किंवा सणही सांगतो: गुढीपाडव्याला, वडील गेले त्या दिवशी. 'माझी तंबाखू सुटली' म्हणणारा श्रेय घेत नाही. आजारपणात तोंडाची चव गेली, पुडी आठवली नाही, आणि एक दिवस लक्षात आलं की सुटली. 'बायकोने तंबाखू सोडवली' यात कर्ता तिसराच. 'डॉक्टरांनी सोडायला लावली' हे वाक्य उच्चारताना माणूस अजून खिसा चाचपत असतो. आणि 'सुटता सुटत नाही' म्हणणाऱ्याच्या बाबतीत कोणी कोणाला धरलंय हेच कळेनासं होतं. दवाखान्यातल्या नोंदीच्या कागदावर या पाचही माणसांसाठी फार तर एक-दोन चौकोन असतील. मराठी बाई मात्र नवऱ्याच्या एका क्रियापदावरून ओळखते की डबी अजून माळ्यावर आहे की नाही.

'सोडून देणे' ही आणखी एक पायरी. नोकरी सोडली, ही माहिती झाली. नोकरी सोडून दिली, यात खांद्यावरून काहीतरी उतरल्याचा आवाज आहे. 'दे' या मदतनीस क्रियापदाने सोडण्याला दानाची कड लावली. 'सोडून दे ना' असं समजावताना आपण वस्तूबद्दल बोलतच नसतो. दिरासमोर झालेला अपमान, लग्नातल्या मानपानाची अढी, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी टाकलेला टोमणा, हे सगळं सोडून द्यायचं असतं. मुंबईने त्यातलं 'दे'ही काढून 'सोड ना यार' इतकं आखूड केलं. पण एक गोष्ट सांगायला हवी. घरोघरी हा सल्ला फिरतो तो नेहमी एकाच दिशेने. ज्याने अपमान केला त्याला कुणी सांगत नाही की बाबा, तुझा ताठा सोडून दे.

सोडण्याचं शास्त्र म्हणून बघावं तर चातुर्मास. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं सोडणारी घरं आजही आहेत. सोडण्याआधी दोन दिवस कांदेनवमी येते. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांदेभात, जे जे करता येईल ते करून कांद्याला पोटभर निरोप देतात. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच काही घरांत वांगं पुन्हा शिजतं. बाहेरच्या माणसाला यात ढोंग दिसेल: सोडायचंच तर दोन दिवस आधी एवढं हादडायचं कशाला? मला यात कमालीचा प्रामाणिकपणा दिसतो. कांदा आवडत नाही असा आव कुणी आणत नाही. तो आवडतो, म्हणूनच सोडण्याला अर्थ आहे, हे भजीच्या घाण्यासमोर उभं राहून कबूल केलं जातं.

काशीला किंवा गयेला जाऊन एखादं फळ, एखादी भाजी कायमची सोडायची रीतही तशीच. नियम असा की आवडीचं सोडायचं. नियम मोडण्याच्या तऱ्हाही तेवढ्याच जुन्या. कुणी काशीला कारलं सोडून येतं, कुणी दुधी. पण जिने खरोखर आंबा सोडला तिचं वाक्य ऐका: 'मी काशीला आंबा सोडून आले.' सोडून आले! शाळेच्या फाटकाशी मुलाला सोडून यावं, लेकीला सासरी सोडून यावं, तसा आंबा तिकडे घाटावर सोडून ती परत आली. पुढे दर मे महिन्यात घरात पेट्या उघडतात, फोडी होतात, ती सगळ्यांना रस वाढते. तिला विचारलं तर ती 'मला चालत नाही' म्हणत नाही. 'मी सोडलाय' म्हणते. या दोन उत्तरांमध्ये मधुमेह आणि व्रत यांच्याइतकं अंतर आहे.

आणि मग पाणी. पूजेच्या आरंभी उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन ते बोटांवरून ताम्हनात सोडतात, त्याला संकल्प सोडणे म्हणतात. म्हणजे संकल्प 'सोडला' की तो सुरू होतो. एक जानेवारीला पहाटे उठून चालायला जायचा संकल्प केलेला माणूस मात्र पंधरा तारखेला जेव्हा संकल्प 'सोडतो', तेव्हा तो संपतो. एकाच शब्दसमूहाचे हे दोन उलटे अर्थ घरात गुण्यागोविंदाने नांदतात, कारण पहिल्याचं पाणी अजून कुणी विसरलेलं नाही. दान देताना वस्तूवर तुळशीचं पान ठेवून उदक सोडायचं, 'आता हे माझं नाही' असं म्हणायचं, मग ती वस्तू परत मागता येत नाही. जुन्या इनामपत्रांत जमीन उदकपूर्वक दिल्याचा उल्लेख येतो तो याच अर्थाने. पाणी हातातून एकदा निसटलं की परत गोळा करता येत नाही, यापेक्षा पक्की नोंदणी त्या काळी नव्हती.

तेच पाणी व्यवहारात उतरलं आणि गढूळ झालं. 'त्या पैशांवर पाणी सोडलं' असं आज म्हणतो तेव्हा दानाचा संबंध उरलेला नसतो. बुडालेल्या पतपेढीतली ठेव असते, मित्राला दिलेली उसनवारी असते. इतकंच नाही, तर आपण 'पाणी सोडावं लागलं' असं म्हणतो. सोडणं म्हणजे स्वेच्छा, आणि 'लागलं' म्हणजे सक्ती. दोघांना एकाच वाक्यात बसवून मराठी माणसाने आपली अब्रू तेवढी वाचवली आहे: पैसे गेले खरे, पण लुबाडले गेले असं न म्हणता मीच सोडले. मोठ्या माणसांच्या बाबतीत हाच वाक्प्रचार आपला जुना रुबाब राखून आहे. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली केंद्रातल्या अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलं, यात 'लागलं' घालायची कुणाची छाती होणार नाही.

सोडण्याची एक अट या सगळ्यातून हळूहळू वर येते, आणि ती तुकोबांच्या चरित्रात सर्वांत लख्ख दिसते. परंपरा सांगते ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. घराण्याची सावकारी होती, लोकांची कर्जखतं घरात होती, ती तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. या गोष्टीतला जो भाग सांगताना गाळला जातो, तोच मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी वाटणी केली. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची त्याच्या हाती दिली आणि आपल्या अर्ध्या वाट्याची पाण्यात टाकली. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याच्या मुठीतलं आपण सोडायचं नाही हा हिशेब चुकला नाही. वाण्याचं पोर होतं, वाटा बरोबर निम्मा केला. शिवाय भाषेची गंमत बघा, कर्ज बुडवणे हे एरवी कुळाचं पाप. इथे सावकारानेच कर्ज बुडवलं आणि कुळं सुटली.

ही अट जिथे पाळली गेली नाही तिथे हेच क्रियापद क्रूर झालं. देवाला वळू सोडतात. तो गावभर हिंडतो, कुणाच्याही शेतात तोंड घालतो, त्याला कुणी बांधत नाही. खरोखरच सुटलेला जीव. आणि देवाला मुलगी सोडतात. तीही 'सोडलेली', खंडोबाची मुरळी, यल्लम्माची जोगतीण, पण तिच्या पायातल्या दोराचं टोक गावातल्या धनवंतांच्या हाती. सोडणारे आईबाप, सुटलेलं कुणीच नाही. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. कायद्याला 'सोडणे' हा शब्द फसवा वाटला असणार, कारण जे आपलं नाही ते सोडण्याचा हक्क त्याने आईबापांना नाकारला.

आता ते माहेर. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका वाटा मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हेही स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत अशी अट नाही. म्हणजे माहेर 'धरता' येण्याजोगं झालं. आणि त्यानंतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एका दस्ताची वर्दळ वाढली, त्याचं नाव हक्कसोडपत्र. तीन शब्द एकमेकांत ओवून सरकारी मराठीने तयार केलेला हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. दस्त एकदा सावकाश वाचावा. त्यात दोन बाजू असतात, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. लिहून देणार बहीण, लिहून घेणार भाऊ. मजकूर वकिलाने आधीच टाईप केलेला, पण वाक्यं सगळी प्रथमपुरुषी: मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडून देत आहे. राजीखुशी, अक्कलहुशारी, दडपण नाही: एकाच गोष्टीची इतक्या वेळा हमी देणारा कागद वाचला की मला शंका येते. आंबा सोडून आलेल्या बाईने अशी हमी कधी दिली नव्हती.

'सोडून देत आहे' यातलं 'देत' इथे किती वेगळं वाजतं! जे 'दे' अपमान सोडून देताना हलकं करत होतं, ते इथे साडेतीन एकराचं वजन उचलून दुसऱ्याच्या नावावर ठेवतं. दस्ताआधीचा संवादही ठरलेला असतो. 'आक्का, तेवढी सही करून टाक, तलाठ्याकडे फेरफार अडकलाय.' करून टाक! टाकणे हे क्रियापद इथे अगदी योग्य जागी पडलंय. आक्का म्हणते, 'मला काय करायचंय, तुमचं तुम्हाला.' ती खोटं बोलत नसते. दिवाळीला यायला दार उघडं राहावं, आईच्या आजारपणात भावजयीने तोंड फिरवू नये, भाऊबीजेला ताट रिकामं राहू नये, याची किंमत तिने मनात मोजलेली असते, आणि ती तिला साडेतीन एकरापेक्षा जास्त वाटते. कुणी ती किंमत राजीखुशीने मोजतंही. अशा बहिणीही मी बघितल्या आहेत, कर्जात बुडालेल्या भावाला वाचवायला ज्यांनी समजून-उमजून हक्क सोडला. पण दस्ताची भाषा दोघींसाठी एकच असल्यामुळे त्या दस्तावरून काहीच कळत नाही. सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी होतं तेव्हा ते सुटलं, सोडलं की सोडवून घेतलं, हे लिहायला फेरफाराच्या नोंदीत जागा नसते.

याच हक्काच्या सोडण्याचा दुसरा पाठ महाडचा आहे, आणि तो वाचताना क्रियापद आपल्या पूर्ण उंचीचं दिसतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी परिषद भरली ती आपण चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो. तळ्यावर जाण्याआधी त्या मांडवात बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सोडायलाही सांगितलं होतं: मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टंशिळं मागणं सोडा. डिसेंबरात पुन्हा महाडलाच त्यांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण ठरलेले दागिने उतरवायला सांगितलं. गावगाड्यात या गोष्टींना कुणी शिक्षा म्हणत नव्हतं, 'हक्क' म्हणत होतं. महारांचे बावन्न हक्क बिदरच्या बादशहाने दिले अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मेलेलं ढोर ओढणं हा हक्क, त्याचं कातडं-मांस हा हक्क, दारोदार भाकरी मागणं हाही हक्कच. वतन नावाच्या कागदावर हे सगळं अभिमानाने मिरवलं जाई आणि त्याच्या बदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची वेठ करायची.

हे हक्कसोडपत्र कुणी टाईप करून आणलं नव्हतं. उलट गाव म्हणत होतं, सोडू नका. जिथे जिथे महारांनी ढोर ओढायचं सोडलं तिथे तिथे बहिष्कार आले, कामं बंद झाली, वाटा अडल्या. बहिणीला सोडायला लावणारे आणि इथे सोडू न देणारे, दोन्हीकडे ज्याच्या सोयीचा हक्क तोच 'राजीखुशी' ठरवत होता. आंबेडकरांनी १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडलं, ते तडीला गेलं नाही. खालच्या दर्जाची गावकामगार वतनं कायद्याने नष्ट झाली ती १९५८ साली. 'वतन गेलं' हे वाक्य त्या कायद्यानंतर सगळ्यांनाच लागू झालं, पण ज्या घरांनी बहिष्कार सोसून आधीच हात काढून घेतला होता त्यांच्या तोंडी ते बसत नाही. त्यांचं वाक्य कर्त्याने सुरू होतं, आणि त्यात 'लागलं' नाही: आम्ही वतन सोडलं.